मोज्यातला लसूण

मेहकरला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला ना गाव विचारलं, ना पगार, ना लग्नाचं. ओट्यावर खुर्ची टाकून ते एका चांगल्या टॉवेलचे कात्रीनं दोन तुकडे करत बसले होते. त्यांनी आधी माझ्या चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "चालता येते काय?"

मला वाटलं, जिना उंच असेल. म्हटलं, "येतं की."

"किती?"

असा प्रश्न तोवर मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "लागेल तेवढं." हे उत्तर त्यांना एवढं आवडलं की कात्री खाली ठेवून त्यांनी आत चहा सांगितला. चहा पिता पिता आवाज खाली आणून दुसरी अट घातली. "खोली तुमची. पाहुने आना, गाने लावा, काही म्हननं नाही. फक्त लसन घरात आनायचा नाही. वरच्या मजल्यावरबी नाही."

मी मोताळ्याकडचा. आमच्या घरी बिनलसणाचं जेवण म्हणजे आजारी माणसाचं जेवण. पण ज्युनियर कॉलेज तिथून जवळ होतं, खोली हवेशीर होती, आणि नव्या नोकरीत माणूस कशालाही हो म्हणतो. मीही म्हणालो. वाटलं, देवभोळं घर असेल, काही पंथबिंथ असेल. दाराआडून काकू एकदा डोकावल्या. किडकिडीत बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, नजर अशी की शाळेत असताना पाढे न येणाऱ्या पोराला ती पुरती ओळखीची वाटावी. "जेवले काय?" एवढंच विचारून त्या आत गेल्या. अट कोणाची आहे ते मला तिथल्या तिथे कळलं. म्हणजे, मला तसं वाटलं.

काका एस.टी.त ड्रायव्हर होते. जन्मभर लोकांना गावोगाव नेलं, पण स्वतः कधी कुठे उतरले नाहीत, ही त्यांची तक्रार. "गाव पाह्यलं म्हंजे काय, तर स्टँड पाह्यलं," ते म्हणत. "स्टँडच्या मागं गाव राह्यते हे मले रिटायर झाल्यावर मालूम पडलं." म्हणून ज्या ज्या रस्त्यांनी त्यांनी गाडी नेली, त्यांच्या आजूबाजूच्या पायवाटा आता ते पायी पालथ्या घालत होते. पुण्याच्या पुतण्यानं एक निळी सॅक पाठवली होती. तिला इतके पट्टे आणि बकलं होती, की काका ती पाठीवर चढवायला लागले की शेजारची माणसं कामं सोडून बघत. मोबाइलवर ते परदेशी गड्यांचे व्हिडिओ बघत. ती गोरी पोरं पाठीवर संसार घेऊन डोंगरात महिना महिना राहतात, चिमूटभर भांड्यात शिजवून खातात. भाषा काकांना ओ की ठो कळत नसे. पण ती पोरं ओझं कसं कमी करतात, ते त्यांनी डोळ्यांनीच टिपून घेतलं होतं.

आणि एकदा टिपलं की संपलं. टूथब्रशचा दांडा कापला. इतका कापला, की दात घासायला दोन बोटं तोंडात घालावी लागत. कंगवा अर्धा. टॉवेल अर्धा, तो मी बघितलाच होता. प्रत्येक वस्तू ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवत, आणि साखर मोजून घ्यायला आलेली माणसं काकांच्या बनियनचं वजन होईपर्यंत ताटकळत उभी राहत. मग ते मलाही सोबत न्यायला लागले, आणि निघायच्या आधी आमच्या सॅका उघडून तपासत. माझी जास्तीची पँट काढली, पुस्तक काढलं. साबणाची डबी हातात घेऊन म्हणाले, "हे कायले?"

"साबण ठेवायला."

"साबन काय लेकरू हाये काय, पाळन्यात ठिवाले?"

डबी गेली. आणि हाच माणूस, जो माझ्या चष्म्याच्या घरावरही संशय घेई, तो पहिल्या फेरीत दुपारी पैनगंगेच्या काठी तीन दगडांची चूल मांडून बसला आणि त्यानं सॅकमधून एक जाडजूड खाकी मोजा काढला. तो ड्रायव्हरकीच्या वेळचा जुना मोजा होता, घोट्यापर्यंत गच्च भरलेला. गाठ सोडली, आणि मोज्यातून गड्ड्यामागून गड्डे लसूण अंथरलेल्या फडक्यावर पडला. मी बघतच राहिलो.

"काका, घरात तर..."

"हे घर हाये काय?" त्यांनी चारी बाजूंना हात फिरवला. एक बगळा होता, दोन म्हशी होत्या.

"आणि याचं वजन?"

"लसन वजनात धरत नाही."

"का?"

"ड्रायवरचं तिकीट राह्यते काय?"

वाद घालण्याऐवजी मी एक गड्डा फोडायला घेतला. शिवाय खोलीवर महिनाभर हिंगाची फोडणी खाऊन मी असा वैतागलो होतो, की त्या वासानं मला गहिवरून आलं. नदीकाठच्या त्या खिचडीची चव मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवसापासून काका जिकडे जातील तिकडे मी. लोकांना वाटे, या मास्तराला निसर्गाची केवढी ओढ.

मोज्याचं कारण असं. लसणाला हवा लागते. प्लास्टिकमध्ये कोंडला तर घामेजतो, कोंब धरतो, काळा पडतो. मोज्यातून वारा खेळतो, आणि मोजा बाहेरच्या पट्ट्याला लटकवला की सॅकमध्ये जागाही खात नाही. हा शोध काकांचा स्वतःचा. एवढ्या व्हिडिओंत त्यांना कुठेही मोजा दिसला नव्हता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

आमच्यात तिसरा गडी होता स्टँडसमोरचा मेडिकलवाला, मूळचा जानेफळचा. हा दिवसभर लोकांना हार्टच्या गोळ्या विकायचा आणि वर सांगायचा, "गोळी तर घ्याच, पन लसनाच्या दोन पाकळ्या उपाशीपोटी चावत जा." त्याला नव्याची भारी हौस. एकदा त्यानं लसणाची पावडर मागवली, पुडीत बंद. म्हणे, तुमचे गोरे लोक हेच नेतात, ना सोलायचं ना कुटायचं, वजन फुलासारखं. काकांनी चिमूटभर जिभेवर ठेवली. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

"कसं वाटते काका?"

"मेला वाटते," काका म्हणाले. "कोन होता रे हा? चांगल्या घरचा दिसते."

ती पुडी त्यांनी खरोखरच खड्डा करून पुरली. मेडिकलवाला पुढे दोन फेऱ्या रुसून बसला होता.

माझीही एक हौस भोवली. सोलण्याचा कंटाळा म्हणून मी निघायच्या आधीच, अर्थात मेडिकलवाल्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून, पाकळ्या सोलून तेलात घालून बाटली भरली. मेडिकलवाल्यानं बजावलंही, की उन्हात असं तेल बाधतं, पोटाचे हाल होतील. पोटापर्यंत प्रकरण गेलंच नाही. बाटलीचं झाकण सैल निघालं. शर्ट, पांघरूण, सॅकचं अस्तर, सगळं लसणाच्या तेलात न्हालं. दुसऱ्या दिवशी बारावीच्या पेपरला माझं सुपरव्हिजन. तो शर्ट नव्हता घातला हो मी, पण वास अंगातच मुरला होता. मी ज्या बाकाजवळ उभा राही तिथली पोरं पेपर सोडून माझ्याकडे वळून बघत. शेवटी एका पोरानं हात वर केला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, तुमी तिकडं उभे राह्यले तर चालते का? भूक लागून राह्यली."

काकांना हे सांगितलं तर त्यांना मुळीच दया आली नाही. "सोलल्याबिगर खाऊ पाह्यलं, म्हनून झालं." सोलणं हा त्यांचा कडक नियम होता. चुलीभोवती बसायचं, ज्यानं त्यानं आपल्या वाट्याचा लसूण सोलायचा. न सोलणाऱ्याला जेवण नाही. मला आधी ही ड्रायव्हरी हुकूमशाही वाटायची. मग लक्षात आलं, की लसूण सोलताना माणसं खरं बोलतात. हात गुंतलेले असतात, नजर नखाकडे असते, समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मेडिकलवाल्याला खरं तर भजनी मंडळात गायचं होतं आणि दुकानापायी ते राहून गेलं, हे त्यानं सोलतानाच सांगितलं. एरवी तो फक्त औषधकंपन्यांच्या स्कीमचं बोले.

या सगळ्या सुखाला एक टोचणी होती. ती म्हणजे परतीची अंघोळ.

कुठूनही येताना आम्ही मेहकरच्या स्टँडवर कधी उतरलो नाही. अलीकडच्या एका फाट्यावर उतरायचं. तिथे काकांच्या ओळखीच्या माणसाची विहीर होती. तिथे अंगाला साबण लावून लावून अंघोळ करायची, कपडे बदलायचे, सॅकचे पट्टेसुद्धा घासायचे. मग कोथिंबीर चावायची, त्यावर बडीशेप, त्यावर पेरू मिळाला तर पेरू. पुढं या, म्हणून काका एकेकाला तोंड उघडायला लावत आणि हुंगत. पास झालेल्यानंच गावाकडे निघायचं. मी वरच्या मजल्यावर राहायचो, म्हणून मलाही सूट नाही. डिसेंबरात, सूर्य मावळतीला आलेला, विहिरीचं पाणी अंगावर घेताना मी मनातल्या मनात काकूंच्या नावानं बोटं मोडत असे. मेडिकलवाला तर उघड म्हणायचा, "काका, एवढी गाडी हाकलली तुमी, अन् घरच्या बाईले भेता?"

काका पुढची बादली ओढत. गावातही हीच समजूत होती. काकू कडक, काका घाबरट, म्हातारा चोरून लसूण खायला रानात जातो. लोक हसत. काका हसू देत.

काकांच्या वागण्यातली एक गोष्ट मात्र मला उमगत नव्हती. खिचडी होवो, वांग्याची भाजी होवो, काका दर जेवणाला वेगळा ठेचा करत. हिरव्या मिरच्या तव्यावर भाजायच्या, लसूण, मीठ, थोडे शेंगदाणे, आणि रगडायचं. कधी दगडानं रगडत, कधी ॲल्युमिनियमच्या मगाच्या बुडानं, कधी लाकडाच्या ओंडक्यानं. एक घास घ्यायचे, क्षणभर थांबायचे आणि मान हलवायचे. "नाही." पुढच्या वेळी लसूण जास्त भाजत, त्याच्या पुढच्या वेळी कच्चा घालत. आम्हाला तो ठेचा फर्मास लागे. आम्ही बोटं चाटत असू आणि काका तिकडे मान हलवत बसलेले.

लोणारच्या वाटेवर एका शेतातल्या निंबाखाली आम्ही असेच सोलत बसलो होतो. मी विचारलं, "काका, तुम्हाला नेमका कसा पाहिजे हो ठेचा?"

त्यांनी मान वर केली नाही. सोलतच राहिले. "आमच्या घरच्या बाईच्या हातचा."

मेडिकलवाला हसला. "काकू अन् लसन?"

"तुमाले काय मालूम हाये बे?" काका म्हणाले. एरवी ते मेडिकलवाल्याला बे म्हणत नसत. "आमच्या घरी लसनाची फोडनी बसली तर डेपोतले ड्रायवर सांगत, आज तुमच्या घरी काय हाये. बिना बोलावता येत जेवाले. अन् ती सोता, कळन्याची भाकर अन् कच्चा लसन, मीठ लावून, असा कुडूम कुडूम खाये. माह्याहून जास्त शौक तिले."

मग त्यांनी सांगितलं. छातीत दुखलं म्हणून त्यांना अकोल्याला नेलं होतं. ऑपरेशन झालं. काका आत आणि काकू बाहेर बाकड्यावर. तिथे बसल्या बसल्या काकूंनी देवाला सांगितलं, यायले वाचव, मी जिंदगीभर लसन तोंडात घालनार नाही. "देवबी हुशार," काका म्हणाले. "त्यानं गपचूप घेऊन टाकलं."

घरी आल्यावर जो तो सांगे, चाला आणि लसूण खा, हार्टला चांगला. आता आली का पंचाईत. जिनं आपल्यासाठी लसूण सोडला तिनंच तो सोलायचा, तिनंच फोडणीला टाकायचा, आणि आपण तिच्यासमोर बसून खायचा? काकांनी तिला सरळ खोटं सांगितलं, की डॉक्टरनं मला लसूण मना केला आहे. घरातला होता नव्हता तेवढा शेजारीपाजारी देऊन टाकला. वरच्या मजल्यावरची अट त्यांची स्वतःची होती, काकूंची नव्हे. जिन्यावरून वास खाली आला तर तिला आठवण येईल, म्हणून.

"अन् अंघोळ?" मी विचारलं.

"अंगाले वास घेऊन तिच्यासमोर जाऊ? शरम नाही वाटनार?" नख लावून त्यांनी एक पाकळी सोलली. "एकदा तिच्या हातचा ठेचा खायचा हाये. बस. पन हे मागाचं कसं? जिनं सोडलं तिले म्हनायचं काय, की आता तूच करून वाढ?"

मेडिकलवाल्यानं त्या दिवशी काकांच्या वाट्याचाही लसूण सोलला. विहिरीवर मी कुरकुर न करता दोन बादल्या जास्त घेतल्या. त्या माणसाचा मला फार लळा लागला होता, आणि काकूंच्या नावानं मोडलेली बोटं आता मला छळत होती.

पुढे वर्षाच्या तपासणीला काका आणि काकू अकोल्याला जाऊन आले. सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, चालणं चालू ठेवा, पण इतक्या लांब जाता तर घरचं माणूस सोबत असू द्या. डॉक्टर बोलून गेले. काकूंनी ते धरून ठेवलं.

"घरचं मानूस म्हंजे मीच," त्या म्हणाल्या. "हे सर अन् हा दुकानवाला घरचे हायेत काय? आता मी येत जाईन."

काकांचा चेहरा एस.टी.चा ब्रेक लागला नाही तर व्हावा तसा झाला. त्या रात्री त्यांनी सॅक पाण्यात बुडवून धुतली. भांडी राखेनं घासली. आम्हाला वर येऊन तंबी दिली, "एक पाकळी दिसली नाही पाह्यजे. दुधाची पावडर, कनीक, वांगे, मिरच्या, बस. ठेचाबी नाही." आमच्या सॅका उलट्या करून झटकल्या. तपासायचं म्हणून त्यांनी काहीच सोडलं नाही.

सकाळच्या गाडीनं जानेफळला उतरलो आणि पुढच्या एका टेकडीची वाट धरली. काकूंनी नातीचे कॅनव्हासचे बूट घातले होते आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पितळेचा एक जडशीळ तांब्या. त्या कुठेही गेल्या तरी पाणी त्यातूनच पीत. काकांनी तो हातात तोलून बघितला आणि त्यांच्या तोंडावर एका वाक्याची जुळवाजुळव दिसली, पण ते वाक्य त्यांनी गिळलं. चढावर काकू पुढे आणि आम्ही मागे. ज्या बाईनं रोज शेत गाठून भाजीपाला आणला तिला टेकडीचं काय. मेडिकलवाला दम खायला दोनदा बसला.

वर एका पळसाच्या सावलीत चूल मांडली. गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे जाड रोडगे भाजायला लावले, वांगी चिरली, भाजीच्या मिरच्या काढून ठेवल्या. काकूंचा त्या दिवशी उपवास होता, सकाळी भगर खाऊन निघाल्या होत्या. त्यामुळे त्या दगडावर बसून आमचा कारभार बघत होत्या. बूट काढून टाचेला हात लावला. सवय नसलेल्या बुटानं टाच सोलली होती.

"अजी, मोजे हायेत काय?"

"सॅकीत पाह्य," काका म्हणाले. ते विस्तवाशी खटपट करत होते.

काकूंनी सॅकमध्ये हात घातला. धुतलेल्या मोज्यांची गुंडाळी काढली. तिच्याबरोबर तो जाड खाकी मोजाही आला. सगळी सॅक रिकामी केली होती काकांनी, पण तो मोजा मोज्यांतच ठेवला गेला होता. लसूण कधीच वजनात न धरणाऱ्या माणसाला तो हातालाही जाणवला नसणार.

काकूंनी मोजा दाबला. पुन्हा दाबला. बोटांनी चाचपला. त्यांच्या हाताला काय कळायचं ते कळलं.

"हे काय हाये?"

काका वळले. त्यांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "मोजा."

"मोज्यात काय हाये?"

"मोज्यात काय राह्यते? पाय," काका म्हणाले.

मेडिकलवाला पुढे सरसावला. "काकू, ते माह्या दुकानाचं..." तोवर काकूंनी गाठ सोडून मोजा पदरात उपडा केला. पांढरे गड्डे. त्यांनी एक उचलून वर धरला, टरफल चुरगाळून बघितलं. मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. इतकी वर्षं त्या एका माणसापासून जे लपवलं ते तिच्या ओटीत पडलं होतं.

"वाळला चांगला," काकू म्हणाल्या. "तवा ठिवा. मिरच्या टाका."

"अवं, पन तुहा नवस..."

"मी खाते काय? तवा ठिवा."

त्यांनी सोलायला सुरुवात केली, आणि आम्ही इतके दिवस जे करत होतो त्याला सोलणं म्हणायची लाज वाटावी. अंगठ्यानं दाबलं की पाकळी नागडी. मिरच्या तडतडल्या. त्यांनी लसूण वर टाकला, मीठ टाकलं, पितळेचा तांब्या रिकामा केला आणि त्याच्या बुडानं तव्यावरच रगडायला लागल्या. टेकडीभर वास सुटला. काका चिमटा धरून उभेच.

"चाखनार कोन?" त्यांनी हळूच विचारलं.

"नैवेद्य कोन चाखते? तो होतेच न बिना चाखता."

रोडगा फोडून त्यांनी त्यावर ठेचा घातला आणि काकांच्या हातात दिला. काकांनी घास घेतला. आम्ही दोघं त्यांच्या मानेकडे बघत होतो, हलते की काय. मान हलली नाही. ते चावत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"लय तिखट झाला काय?" काकूंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "मीठ कमी हाये."

"कमीच टाकलं. मीठ मना हाये तुमाले. लसन मना नाही." काकूंनी तव्यावरचा ठेचा गोळा केला. "मी विचारलं डॉक्टरले, ह्या खेपी."

काका खाली बसले. पोटभर जेवले. आम्हाला त्यांनी ठेचा मोजूनच वाढला, आणि त्याबद्दल मला अजूनही त्यांचा राग आहे. जेवणं झाल्यावर तांब्या त्यांनीच राखेनं घासून लख्ख केला. मी काकूंच्या हातावर घालायला बाटली पुढे केली. "राहू द्या सर, पानी कमी हाये," त्या म्हणाल्या. पाणी कमी नव्हतं. दोन बाटल्या भरलेल्या होत्या.

परतीच्या गाडीत आम्ही पुढेमागे बसलो होतो. मेहकरच्या अलीकडचा तो फाटा आला आणि सवयीनं काका उठले. "होल्डान," त्यांनी कंडक्टरला हाक दिली. गाडी थांबली. मीही सॅक खांद्याला लावली.

"कुठी चालले?" काकूंनी विचारलं. त्या खिडकीशी बसल्या होत्या.

"विहिरीवर. अंघोळ करून येतो."

"काऊन?"

काका अडखळले. गाडीतली माणसं ऐकत होती. "वास येऊन राह्यला न अंगाले."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही, पण त्या बोलल्या ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असेल.

"मी खानं सोडलं होतं. वास घेनं कोनं सोडलं? तुमी जंगलातून या, अन् मी दारात उभी राहो, की आज तरी थोडासाक वास येईन. तर तुमी दरखेपी साबन लावून हजर. तुमची पिशवी हुंगून पाह्यली मी. तिलेबी साबनाचाच वास."

कंडक्टर दोरी धरून उभा होता. "काका, उतरता का बसता?"

काका बसले. कंडक्टरनं डबल बेल दिली. काकूंनी तोंड खिडकीकडे वळवलं. उजवा हात त्यांनी पदरात धरला होता, आणि मेहकर येईपर्यंत मधून मधून तो नाकापाशी नेत होत्या.

मी पुढे वर्षभर त्या खोलीत होतो. वरच्या मजल्यावर लसणाला परवानगी मिळाली. फेऱ्या चालूच राहिल्या, कधी काकू येत, कधी गुडघा दुखला की राहत. त्या न आलेल्या दिवशी काका स्टँडवर उतरून तडक घरी येत, धुराटलेले, घामट, लसणाचा भपकारा सुटलेला, आणि हातपायसुद्धा न धुता ओट्यावर खुर्ची टाकून बसत. काकू एरवी गहू आत स्वयंपाकघरात निवडत. त्या दिवशी मात्र सूप घेऊन ओट्यावर येत, काकांच्या खुर्चीला लागून बसत, आणि अंधार पडून खडे दिसेनासे झाले तरी निवडत राहत.